‘पूर्ण नैसर्गिक’ बाटलीत निघालं मोरचूद

माझा माशांचा टँक दोन फुटी, पाणी साठेक लिटर. झाडं म्हणजे अनुबियास, जावा फर्न, थोडं क्रिप्टोकोरीन; मासे म्हणजे दहा निऑन टेट्रा, हनी गोरामीची एक जोडी; आणि चाळीसच्या आसपास लाल चेरी श्रिम्प, म्हणजे छोटी कोळंबी. श्रिम्प मी दहापासून वाढवले होते, हे मुद्दाम सांगतो.

गेल्या पावसाळ्यात अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे झुपके आले. ओढले तर पान फाटेल, पण झुपका सुटणार नाही. हीच ती ‘ब्लॅक बियर्ड’, काळ्या दाढीसारखं शेवाळ. ज्यांच्याकडे एकदा आली त्यांना वेगळं सांगायला नको.

नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो पाहिला आणि दोन मासे पिशवीत भरले. “दादा, सायामीज अल्गी ईटर आहेत, शेवाळ खाणारे. दाढी मुळासकट खातात.” दीडशेला एक. लाईट किती तास चालू असतो, झाडांना कार्बन डायऑक्साइड देतोस का, पाणी कधी बदलतोस, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. मलाही ते तेव्हा खटकलं नाही.

महिनाभरात त्यातला एक मेला. दुसरा माजला आणि रात्री गोरामीच्या अंगाला चिकटायला लागला. तेव्हा कुठे नीट बघितलं. तोंड खालच्या बाजूला, काचेला घट्ट बसणाऱ्या चोषकासारखं. हा चायनीज अल्गी ईटर. लहान असताना थोडंफार शेवाळ खातो, मोठा झाला की माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो आणि वीतभर लांब होतो. खऱ्या सायामीजला असं चोषक तोंड नसतं. त्याची काळी पट्टी नाकापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि पर पारदर्शक असतात. पट्टीच्या वर पिवळसर रेघ असली आणि परांवर काळं-पांढरं असलं, तर तो फ्लाइंग फॉक्स, आणखी एक तसाच दिसणारा मासा. पिशवीतल्या दोन इंचाच्या माशावर हे बघायला मिनिट लागतं. मी ते मिनिट दिलं नाही.

तक्रार करायला गेलो तर पठ्ठ्याने हसत हसत पांढरी बाटली पुढे केली. १०० मिली, ६५० रुपये. लेबलवर मासा, हिरवं पान आणि ‘पूर्ण नैसर्गिक’. आत काय आहे, कोणी बनवलं, कुठे बनवलं, काही नाही. “श्रिम्प आहेत माझ्याकडे,” मी दोनदा म्हणालो. “बिनधास्त टाका, माझ्या स्वतःच्या टँकमध्ये वापरतो.”

टोपणात ओतलं तर स्वच्छ आकाशी रंग. मला वाटलं, मेथिलीन ब्लूसारखंच काहीतरी असेल. माशांच्या दुकानात निळ्या बाटलीचं कोणाला आश्चर्य वाटतं? सांगितल्याप्रमाणे रात्री सहा टोपणं टाकली. झोपण्याआधी बघितलं तर श्रिम्प वेड्यासारखे पृष्ठभागाकडे पळत होते. मी एक बादली पाणी बदललं आणि लाईट बंद केला. सकाळी तळाशी सगळे गुलाबी पडले होते. हिशोब नको म्हणून मोजले नाहीत. गोगलगायी शंखात शिरून उलट्या पडलेल्या. काळी दाढी मात्र होती तशीच, तुकतुकीत.

उलगडा केला मामाने. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे. दोन दिवसांनी डोंबिवलीला आला होता, बाटली बघून त्याने टोपण उजेडात धरलं. “अरे, हे मोरचूद दिसतंय. द्राक्षाच्या डाऊनी रोगाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारतो ना, त्यातलं.” मग त्याने खिळा मागितला, पॉलिश कागदावर घासला आणि टोपणात सोडला. चहा होईपर्यंत खिळ्यावर तांबूस थर. बोर्डोत चुना कमी पडला का, हे शेतकरी असंच लोखंड बुडवून बघतात. “या पैशात किलोभर तरी आलं असतं,” म्हणाला, आणि दुसरा कप मागितला.

म्हणजे कॉपर सल्फेट. तांबं माशांच्या काही परजीवींवर खरोखर चालतं, ते विष म्हणून कुणी छापून विकत असेल तर माझी तक्रार नाही. पण श्रिम्प आणि गोगलगायींना त्याचा अगदी थोडा अंश पुरतो, मऊ पाण्यात तर आणखीच कमी. शिवाय ते मातीत, लाकडात मुरून बसतं. मी निम्मं पाणी चार वेळा बदललं, फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरला, तरी अजून त्या टँकमध्ये श्रिम्प सोडायचं धाडस होत नाही.

दुकानदार म्हणाला, “अमोनिया वाढला असेल.” खिळा दाखवला तर म्हणाला, “बिलावर श्रिम्पचं लिहिलंय का?” बिलावर फक्त ‘औषध ६५०’ होतं. तोंडी शब्दाला तिथे काडीची किंमत नाही, आणि बाटली निनावी असल्यामुळे बोट दाखवायला दुसरा कोणीच नाही.

दाढी गेली ती मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने. सहा टक्क्यांचं मिळालं, त्यात तेवढंच पाणी घालून तीनचं केलं. अनुबियास बाहेर काढून झुपक्यांवर ब्रशने लावलं, दोन-तीन मिनिटांनी धुऊन परत ठेवलं. काही दिवसांत झुपके गुलाबी झाले; ही दाढी मुळात लाल शेवाळाच्या कुळातली, मरताना रंग दाखवते. पण ती आली होती माझ्यामुळेच. साखर-यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड एक दिवस भरपूर, तीन दिवस नाममात्र, आणि लाईट दहा तास. ती यीस्टची बाटली काढून टाकली, लाईट सहा तासांवर आणला. नवीन पानं स्वच्छ येताहेत.

तो चायनीज अजून माझ्याकडेच आहे, वेगळ्या टबमध्ये, कारण फुकटही कोणी नेत नाही. शेवाळाकडे ढुंकून बघत नाही, काकडी खातो. मामा त्याला ‘दुकानदार’ म्हणतो.