व्हॅल.प्रॉब: मॉडेलची हवा काढणारं फंक्शन

संख्याशास्त्रज्ञ फ्रँक हॅरेल यांच्या, आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या आरएमएस पॅकेजमधलं हे फंक्शन. बाजूला ठेवलेल्या डेटावर (होल्डआउटवर) लॉजिस्टिक मॉडेल, म्हणजे एखादी घटना घडण्याची प्रोबॅबिलिटी सांगणारं मॉडेल, कितपत टिकतं, एवढंच ते बघतं. मॉडेलने दिलेली प्रोबॅबिलिटी आणि 0 किंवा 1 असा खरा निकाल हातात द्यायचा. आकड्यांची रांग आणि कॅलिब्रेशनचा (अंदाज प्रत्यक्षाशी किती जुळतात याचा) आलेख लगेच समोर.

आधी मी नुसता सी-स्टॅटिस्टिक (घटना घडलेल्यांना न घडलेल्यांपेक्षा मॉडेल कितपत वर ठेवतं, हे सांगणारा आकडा) बघून खूश व्हायचो. रुग्ण 30 दिवसांत पुन्हा भरती होईल का, या माझ्या मॉडेलचा सी होल्डआउटवरही छान आला होता. पण त्याच रांगेत कॅलिब्रेशनचा स्लोप (आदर्श 1; त्याहून कमी म्हणजे अंदाज अति टोकाचे) होता 0.68, इंटरसेप्ट (आदर्श 0) जवळपास शून्य. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. याचा अर्थ, मॉडेल ज्यांना 90 टक्के म्हणतंय ते प्रत्यक्षात 82 च्या आसपास, आणि ज्यांना 5 म्हणतंय ते जवळजवळ 12. पाचाचे बारा! सरळसरळ ओव्हरफिटिंग, म्हणजे मॉडेलने जुन्या डेटातले योगायोगही पाठ केलेले. सीला याचा पत्ताही नसतो, कारण तो फक्त क्रम बघतो. सगळ्या प्रोबॅबिलिटी निम्म्या करा, तो जागचा हलणार नाही.

ब्रायर स्कोअरही (अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी; कमी तेवढा चांगला) मिळतो, पण एकटा वाचू नका. घटना 10 टक्केच घडत असेल तर डोळे मिटून सगळ्यांना 0.1 दिलं तरी ब्रायर 0.09 येतो. तेव्हा 0.08 बघून हुरळून जायचं कारण नाही.

तक्रारी आहेतच. आलेखावर आकडे बारीक अक्षरात कोंबलेले असतात. सी आणि स्लोपला कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) मिळत नाही, ही मला खरी उणीव वाटते. होल्डआउटमध्ये घटना मोजक्याच असतील तर 0.68 आणि 0.9 यांतला फरक नुसता नशिबाचाही असू शकतो. इंटरव्हल मी बूटस्ट्रॅप करून, म्हणजे त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून, काढतो. आणि एलआरएमचं (त्याच पॅकेजातलं लॉजिस्टिक मॉडेल बसवणारं फंक्शन) प्रेडिक्ट, वेगळं सांगितलं नाही तर, प्रोबॅबिलिटीऐवजी लॉग-ऑड्स (म्हणजेच लॉजिट, प्रोबॅबिलिटीचं वेगळ्या मापातलं रूप) देतं. टाइपमध्ये 'फिटेड' लिहायचं विसरलो आणि अख्खी दुपार गेली. (तेच आकडे लॉजिट म्हणून दिले असते तर चाललं असतं, हे नंतर कळलं.)

पाचपैकी चार तारे. गंमत म्हणजे डेटा फार मोठा नसेल तर त्याचे दोन तुकडे करायला हॅरेल स्वतःच विरोध करतात. सगळ्या डेटावर मॉडेल बसवा आणि बूटस्ट्रॅपने तपासा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्याच पॅकेजात व्हॅलिडेट आहे. लहान डेटा आला की आता मी तेच चालवतो. व्हॅल.प्रॉब काढतो ते दुसऱ्या रुग्णालयाचा किंवा पुढच्या वर्षाचा डेटा हाती आला की.