पात्रता फेरीत मुद्दाम पाडायचे आणि मग 'डायरेक्ट स्लॉट' विकायचा: आमच्या संघाची झालेली फसवणूक

आमच्या संघाचे एकूण १०,९३० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला त्याने सर्वप्रथम तोच विचारला आणि ऐकल्यावर "मग फार नाही गेले" असे म्हणून विषय मिटवला. पाच जणांच्या संघात ही रक्कम प्रत्येकी २,१८६ रुपये होते. आमच्यातला एक जण सूतगिरणीत रात्रपाळी करतो, दुसरा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असून घरून येणाऱ्या पैशांत खोलीचे भाडे आणि मेस भागवतो. त्यांचे पैसे गोळा करून पुढे पाठवणारा कप्तान मी होतो, त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे बघणे मला जड जाते आहे आणि हे लिहितानाही लाज वाटते आहे. तरीही लिहितो, कारण हा 'पैसे दुप्पट करून देतो' छापाचा नेहमीचा प्रकार नव्हे. मोबाइल गेमच्या स्पर्धेत आमच्याच गुणांमध्ये फेरफार करून, पुढच्या फेरीतली आमचीच जागा, म्हणजे 'स्लॉट', आम्हाला विकत घ्यायला लावली गेली.

आम्ही बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा लढाईचा गेम संघाने खेळतो. "गेमसाठी फी भरलीच कशाला?" असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की स्पर्धेची प्रवेश फी ही काही संशयास्पद गोष्ट नाही. आमच्याकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेत प्रवेश फी भरल्याशिवाय संघाचे नाव लिहून घेत नाहीत, आणि बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेतही खेळाडू फी भरूनच उतरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानेही पैसे लावून खेळण्याच्या गेमवर बंदी घातली असली, तरी ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमच्या, व्याख्येत स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चासाठी घेतलेली नोंदणी फी आणि कामगिरीवर आधारलेले बक्षीस, दोन्ही मान्य केले आहेत. म्हणजे फी भरणारा मूर्ख किंवा जुगारी ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, याच गेमच्या २०२१ च्या अधिकृत मालिकेत बक्षिसांची रक्कम १ कोटी रुपये होती आणि नोंदणीला एक पैसाही लागत नव्हता. गेममध्येच पात्रता सामने झाले, त्यांतून १,०२४ संघ पुढे गेले आणि तिथून गाळत गाळत अंतिम फेरी झाली. पात्रता फेरी म्हणतात ती हीच. फी घेऊन पात्रता फेरी खेळवणे हा एक प्रकार झाला आणि पात्रता फेरी चुकवण्यासाठी पैसे घेणे हा पूर्णपणे वेगळा प्रकार झाला. पहिला प्रामाणिक असू शकतो. दुसरा कधीच नसतो.

आम्ही नोंदणी केली त्या स्पर्धेची फी संघामागे २५० रुपये होती आणि जाहीर केलेले बक्षीस २,००,००० रुपये होते. ५१२ संघ घेणार असल्याचे लिहिले होते. सगळे संघ भरले तरी जमा होतात १,२८,००० रुपये, मग उरलेले ७२,००० कोण देणार, याचा त्या जाहिरातीत कुठेही उल्लेख नव्हता आणि प्रायोजकाचे नावही नव्हते. हा गुणाकार नोंदणी करण्याआधी प्रत्येकाने करावा. आम्ही केला नाही, कारण त्यांच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर (गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवरील त्यांच्या गटात) रोज सराव सामने ठरत होते, सामन्याच्या ऑनलाइन खोलीचा, म्हणजे रूमचा, आयडी आणि पासवर्ड ठरल्या वेळी येत होता, गट सांभाळणारे मॉडरेटर उत्तरे देत होते. रूम लागते, सामना होतो, गुणतक्ता येतो, हे सगळे डोळ्यांनी दिसत असताना कोणता संघ बक्षिसाचा हिशेब मागत बसतो?

पात्रता फेरीत आमच्या गटात सोळा संघ होते आणि पहिले चार पुढे जाणार होते. गुणांची पद्धत नेहमीची होती: पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला एकेक, शिवाय प्रत्येक फिनिशचा, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा, एक गुण. पहिल्या सामन्यात आम्ही दुसरे आलो आणि ९ फिनिश केले, म्हणजे १५ गुण. दुसऱ्यात पाचवे आलो, ६ फिनिश, म्हणजे ९. तिसरा सामना आम्ही जिंकला आणि त्यात ११ फिनिश केले, म्हणजे २१. बेरीज ४५ होते. रात्री जो तक्ता लावला गेला त्यात आमच्यापुढे ४१ लिहिलेले होते, आणि चौथ्या क्रमांकाच्या संघाला ४२ गुण होते. तिसऱ्या सामन्यातील आमचे ११ फिनिश तिथे ७ झाले होते.

सगळे काही इथेच उघड पडले होते. माझ्या फोनमध्ये त्या सामन्याच्या निकालाचा स्क्रीनशॉट होता, त्यावर चारही खेळाडूंचे ४, ३, ३ आणि १ असे आकडे स्वच्छ दिसत होते. मी तो सर्व्हरवर टाकला. मॉडरेटरने "रिव्ह्यूला पाठवतो" असे लिहिले आणि माझा संदेश तिथून काढून टाकला. त्यानंतर काही मिनिटांतच आयोजकाचा मला खासगी संदेश आला: "कॅप्टन, टीम स्ट्राँग आहे तुमची. क्वार्टरमधली एक टीम हॅकमुळे डिस्क्वालिफाय केलीय. डायरेक्ट स्लॉट आहे, ६,०००. दहा मिनिटांत सांगा, दुसरी टीम थांबलीय." तक्रार करणाऱ्याचा संदेश पुसला जातो आणि लगेच त्यालाच विक्रीचा संदेश येतो, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून होत आहेत हे तेव्हा लक्षात यायला हवे होते. मी तो संदेश आजही पुन्हा पुन्हा वाचतो. ज्याला खरोखर चूक दुरुस्त करायची असते तो तक्ता दुरुस्त करतो. तो दर सांगत नाही.

पण त्या क्षणी आम्हाला काय वाटले तेही समजून घ्या. आमच्या लेखी ती जागा आमचीच होती. चार गुण आमचे मारले गेले होते, एका गुणाने आम्ही बाहेर होतो, आणि 'रिव्ह्यू' होईपर्यंत उपांत्यपूर्व फेरी उलटून जाईल ही भीती होती. लाच देऊन वर चढतो आहोत अशी भावनाच मनाला शिवली नाही. हक्काची गोष्ट थोडे पैसे टाकून सोडवून घेतो आहोत, असे वाटले. चांगल्या खेळणाऱ्या संघालाच ही माणसे गाठतात, कारण तळाला राहिलेला संघ कधी सहा हजार देत नाही. एका-दोन गुणांनी राहिलेल्या संघाला जेव्हा जागा देऊ केली जाते, तेव्हा आपले गुण आधी स्वतः मोजा. प्रत्येक सामन्याचा निकाल तिथल्या तिथे, चौघांच्याही फोनवर, जपून ठेवा.

६,००० रुपये भरल्यावर स्लॉटची यादी आली आणि तिच्यात नवव्या क्रमांकावर आमच्या संघाचे नाव होते. मग संघ ऐनवेळी आला नाही तर, या कारणासाठी परत मिळणारी अनामत म्हणून ३,५०० रुपये मागितले गेले. आमच्या एका खेळाडूचा फोन बिघडल्याने राखीव खेळाडू घ्यायचा होता, तर त्या बदलासाठी १,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे १,१८० रुपये घेतले गेले. त्याची पावतीही दिली. पावतीवर पुण्याचा पत्ता होता आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९ ने होती. ०९ हा उत्तर प्रदेशाचा संकेतांक आहे, महाराष्ट्राचा २७ असतो, आणि क्रमांकात पंधरा अक्षरे लागतात तिथे चौदाच होती. असा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव लगेच कळते, पण पावती मिळाली की माणूस निर्धास्त होतो, हे ती छापणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. आणखी एक गोष्ट: तिन्ही वेळा क्यूआर कोड वेगळा होता आणि स्कॅन केल्यावर दर वेळी वेगळ्याच व्यक्तीचे नाव दिसले. स्पर्धेच्या नावाचे खाते एकदाही दिसले नाही. पिन टाकण्यापूर्वी जे नाव पडद्यावर येते ते वाचा, आणि ते आयोजकाचे नसेल तर तिथेच थांबा.

सामन्याच्या रात्री आयडी-पासवर्ड आला नाही. आधी "सर्व्हरला प्रॉब्लेम आहे" असे सांगितले, मग संदेश लिहिण्याची सोय बंद केली आणि शेवटी आम्हाला बाहेर काढले. बाहेर काढले जाण्याआधी दुसऱ्या एका गटाच्या कप्तानाशी माझे बोलणे झाले होते. तोही एका गुणाने राहिला होता, त्यालाही हॅकमुळे बाद झालेल्या संघाचीच जागा विकली होती. त्याने मला त्याची स्लॉटची यादी पाठवली. बाकीचे पंधरा संघ तेच होते आणि नवव्या क्रमांकावर त्याच्या संघाचे नाव होते. ती यादी आणि आमची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. ही जागा अशी किती जणांना विकली असेल?

यापुढचा अनुभव मात्र फसवणुकीपेक्षाही अधिक चीड आणणारा आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून मी पोचक्रमांक घेतला. हे काम पैसे गेल्याचे लक्षात येताच करायचे असते, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखणे सोपे असते. मग मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे बसलेल्या हवालदारांनी सगळे ऐकून घेण्याआधीच "गेमचे पैसे ना? मग तुम्हीच जुगार खेळलात, नवीन कायदा आलाय, उलट तुमच्यावरच येईल" असे सांगितले. प्रवेश फी आणि पैसे लावणे यातला फरक मी कायद्यातल्या व्याख्येसह समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि खेळणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूदच त्या कायद्यात नाही हेही सांगितले, तर "वकील आहात का?" असे विचारले गेले. पुढच्या खेपेला माहिती तंत्रज्ञान कायद्यातील गुन्ह्याचा तपास निरीक्षकच करू शकतात आणि साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, असे कारण मिळाले. तपास निरीक्षकाने करायचा हे खरे आहे. पण तक्रार लिहून घ्यायला कोण अडवत होते? त्यानंतर खाती परराज्यातली असल्याने "तिकडे जाऊन तक्रार करा" असा सल्ला मिळाला. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते आणि फसवून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. ही कलमे एका सामान्य माणसाला माहीत असावीत आणि ठाण्यात बसलेल्याला सांगावी लागावीत, हा काय प्रकार आहे? माझा लेखी अर्ज ठेवून घेतला, पण त्यावर शिक्का आणि सही मिळायला मला तिथे अख्खी दुपार बसून राहावे लागले. "अकरा हजारांसाठी एवढे?" हे वाक्य तिथे मी वेगवेगळ्या तोंडून ऐकले. ज्याच्या पगारातून ते गेले त्याला ते कितीचे वाटतात हे विचारायचे कुणालाही सुचले नाही.

बँकेतही तीच गत झाली. "पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला" असे सांगून खिडकीवरूनच परत पाठवले. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना संरक्षण देणारे होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे कागदावर बरोबर असेलही. पण मग तेच म्हणणे लेखी द्या म्हटले, तर द्यायला तयार नाहीत. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, तीस दिवस वाट पाहा आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आम्हीही तेच केले आहे. पोलीस दाद देत नसतील तर कलम १७३ प्रमाणेच तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो. तो रजिस्टर्ड टपालाने पाठवा आणि पावती सांभाळा.

पैशाने मिळणारे निमंत्रण खेळाला पोखरते, हे मोठ्या स्तरावरही मान्य झालेले आहे. काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या गेमच्या मोठ्या स्पर्धांत संघांना प्रवेश एकतर क्रमवारीनुसार किंवा खुल्या पात्रता फेरीतूनच मिळावा, आणि आयोजकांचे सहभागी संघांशी व्यावसायिक हितसंबंध नसावेत, असा नियम तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये जाहीर करून २०२५ पासून लागू केला. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांना असा कोणताही धरबंध नाही. नियमावली आधी मागा, तिच्यात रिकाम्या झालेल्या जागी कोणाला घेणार ते लिहिले आहे का बघा. प्रामाणिक आयोजक गटात पुढच्या क्रमांकावर असलेल्या संघाला फुकट वर घेतो. मागच्या स्पर्धेच्या विजेत्या संघाच्या कप्तानाशी स्वतः बोला आणि बक्षीस खरोखर खात्यात जमा झाले का हे विचारा. सर्व्हरवर लावलेल्या 'पेमेंट डन' च्या चित्रांना काहीही अर्थ नाही, ती दोन मिनिटांत तयार होतात. बक्षीस देण्याआधी कर म्हणून पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. कर बक्षिसातून कापून घेतला जातो, तो विजेत्याकडून आगाऊ मागितला जात नाही.

ज्यांनी याच पद्धतीने पैसे भरले आहेत, मग ते फक्त २५० रुपये का असेनात, त्यांनी आपली स्वतंत्र तक्रार पोर्टलवर नोंदवावी. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक (यूपीआय ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो तो), ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी आणि स्लॉटच्या यादीचे चित्र तिला जोडावे. एकाच खात्याविरुद्ध अनेक ठिकाणांहून तक्रारी जमल्या की "रक्कम लहान आहे" हे कारण ठाण्यात कोणालाही पुढे करता येणार नाही. त्या दुसऱ्या कप्तानाने त्याची तक्रार नोंदवली आहे आणि आम्ही दोघांनी आपापल्या अर्जात एकमेकांच्या पोचक्रमांकाचा उल्लेख केला आहे.