क्रॉफर्ड मार्केटमधलं छोटं मरीन (खाऱ्या पाण्यातल्या माशांचं) दुकान : क्लाउनफिश घ्यायच्या आधी इथल्या काकांशी बोला

दुकानाला धड पाटी पण नाही, क्रॉफर्ड मार्केटच्या पाळायच्या माशांच्या गल्लीत आत निळी लाइट दिसली की तेच. मी तिकडे गेले ते पहिला मासा गमावून. आधी दुसरीकडून ‘जोडी’ म्हणून दोन क्लाउनफिश (ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे समुद्री मासे) घेतले होते, दोघं सारख्याच साइझचे, चांगले मोठे, आणि चौथ्या दिवसापासून एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून चावायला लागला, त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि नवव्या दिवशी तो मार खाणारा गेला. फार वाईट वाटलं.

उरलेला चार महिने एकटाच होता. दोन फुटी टँक, साधारण 70 लिटर. त्याला जोडीदार हवा म्हणून इथे आले तर काकांनी आधी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, ताई ही मादी असणार, हिला मोठा मासा दिलात तर परत तेच होईल. मग समजावलं की क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीत जो मोठा आणि दादागिरी करणारा असतो तो मादी होतो, आणि एकदा मादी झाली की परत नर होत नाही. दोन माद्या एका छोट्या टँकमध्ये म्हणजे मारामारी ठरलेली. म्हणून जोडी नेहमी एक मोठा एक छोटा अशी घ्यायची, नाहीतर दोन्ही पिल्लं घ्यायची, ती आपलं आपण ठरवतात. वर हेही म्हणाले की एकटीच ठेवलीत तरी काही बिघडत नाही, मस्त जगते. विकायला बसलेला माणूस हे सांगतो याचं मला खरंच कौतुक वाटलं!

शेवटी इंचभराचं पिल्लू दिलं, हॅचरीतलं, आणि द्यायच्या आधी माझ्यासमोर दाणे खाऊन दाखवायला लावलं. सांगितल्याप्रमाणे भोकाची प्लास्टिकची टोपली टँकमध्ये अडकवून त्यात पाच दिवस ठेवलं, दगडांची जागा बदलली म्हणजे जुनीचा हक्काचा कोपरा मोडतो, मग सोडलं. मोठी अंगावर आली तसं पिल्लू एका कुशीवर कललं आणि थरथरायला लागलं, अख्खं अंग, दोन-तीन सेकंद, आणि ती वळून निघून गेली. म्हणजे ‘तू मोठी, मान्य’. आता रात्री दोघं पंपाच्या मागे चिकटून झोपतात.

अॅनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, मागितला तर सरळ नाही म्हणाले. त्याला स्ट्राँग लाइट आणि जुना, सेट झालेला टँक लागतो, मेला तर छोट्या टँकचं सगळं पाणी घाण करतो, आणि क्लाउनला त्याच्याशिवाय काही अडत नाही.

खटकलं ते सांगते. टँकसाठी खारं पाणी बनवायचं मीठ सुट्या पिशवीत देतात, कुठल्या कंपनीचं कळत नाही, मी सीलबंदच घेते. लाइव्ह रॉक (पाणी साफ ठेवणारे जिवाणू असलेले समुद्री दगड) महाग. रविवारी एवढी गर्दी की काकांना बोलायला वेळच नसतो, आणि ते बोलणं हाच तर फायदा आहे. उन्हाळ्यात पाणी उडतं तेव्हा साधं आरओचं पाणीच टाका, मीठवालं नाही, कारण मीठ उडत नाही, हे मला इथेच कळलं, तोवर मी मीठ वाढवतच होते.

जोडीचे 1800 सांगतात, मला एकट्या पिल्लाचे 800 पडले. मधल्या वारी दुपारी जा, टँकचा व्हिडिओ आणि पाण्याची रीडिंग घेऊन. टँक नवा असेल आणि पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) शून्य नसेल तर मासा देणार नाहीत, वाद घालू नका.