निघोजची रांजणखळगे फेरी: वाटाड्या उत्तम, वाळूपाशी मात्र घाई

नववीच्या वर्गाला घेऊन जायचं असेल तर ही फेरी नक्की घ्या. मी भूगोल शिकवते. विदारण (खडक जागीच कुजणं-फुटणं), खनन (झिजून खोदलं जाणं), वहन (वाहून नेणं), संचयन (साचणं) हे शब्द मुलं घडाघडा म्हणतात, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. कुकडी नदीच्या काठी ते आलं.

पारनेर तालुक्यातल्या निघोजला गावातलाच एक वाटाड्या अर्ध्या दिवसाची फेरी घडवतो. माणशी १५० रुपये. मला आवडलं ते हे, की त्याने आम्हाला थेट रांजणखळग्यांवर, म्हणजे नदीच्या खडकात पडलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांवर, नेलं नाही. आधी रस्त्याकडेच्या उताराशी थांबवलं. "मॅडम, आपल्या रस्त्यावर पडतो तो मुरूम इथं तयार होतो," म्हणाला आणि मुलांना दगड हाताने सोलायला लावले. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. भेगांतून पाणी मुरतं, कोपऱ्यांना ते तिन्ही बाजूंनी लागतं, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि मधे गोल, टणक गाभा उरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला दगड मुलांच्या बोटांत भुसभुशीत होत होता.

मग नदी. मळगंगेच्या देवळापासून खाली उतरलं की काळ्या पात्रात खळगेच खळगे. काही वाटीएवढे, काहींत माणूस सहज उभा राहील. एका कोरड्या खळग्यात त्याने मुलांना आतून हात फिरवायला सांगितलं: भिंत गुळगुळीत, तळाशी गोल गोटे. पुराच्या पाण्याचा भोवरा या गोट्यांना गरगर फिरवतो आणि तेच खडक पोखरतात. शेजारचे दोन खळगे मधली भिंत झिजून एक झालेलेही दाखवले. नदीची घळ अशीच खोल होत जाते. एका मुलीने विचारलं, दगडाने दगड झिजतो तर गोटे संपत कसे नाहीत? तो म्हणाला, संपतात की, पण दर पुराला नवे येतात. इतकं नेमकं उत्तर मला वर्गात सुचलं नसतं.

तक्रार एकच, पण माझ्या मते मोठी. प्रवाह मंदावतो तिथे वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचली होती. जड खडे खाली, बारीक वाळू वर असा थरही एके ठिकाणी उघडा पडला होता. तिथे त्याने जेमतेम पाच मिनिटं दिली, कारण जेवणाची वेळ झाली होती. उतारावर कुजलेला आणि पात्रात दळलेला दगड शेवटी कुठे जातो, हे तिथेच तर कळतं. बुकिंग करतानाच वाळूपाशी अर्धा तास मागून घ्या.

मार्च ते मे पाणी कमी असतं आणि खळगे नीट दिसतात, फक्त सकाळी लवकर निघा, दुपारी खडक भाजतो. पावसाळ्यात मुलांना पात्रात उतरवू नका. नदीच्या वरच्या बाजूला येडगाव, माणिकडोह ही धरणं आहेत, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी सोडलंय का हे गावात विचारूनच खाली जा. ओला खडक फार निसरडा असतो, चपला नकोत, बूट हवेत. मोठा वर्ग असेल तर दोन वाटाडे मागा, एकाचा आवाज मागच्या मुलांपर्यंत पोचत नाही.

पाचपैकी चार तारे.