आरओच्या रिजेक्ट पाण्यावरचे ‘ऑक्सिडेशन यंत्र’ घेण्याआधी अहवालातील क्लोराइड पाहावे

वरूड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत संत्र्यावर प्रक्रिया होते. तेथील सांडपाणी आधी हवा देऊन जिवाणूंकडून साफ केले जाते आणि मग आरओच्या मेम्ब्रेनमधून जाते. चारपैकी तीन भाग पाणी पुन्हा वापरता येते. उरलेल्या एका भागात मात्र सगळे क्षार आणि जिवाणूंना न पचलेले सेंद्रिय पदार्थ जवळपास चौपट दाट होऊन राहतात. हे तपकिरी रिजेक्ट पाणी नाल्यात सोडता येत नाही, कारण त्यासाठी सीओडीची (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि आमचा सीओडी ६२० होता.

ही अडचण हेरून एक विक्रेता ‘ऑक्सिडेशन यंत्र’ घेऊन आला. ओझोन आणि अतिनील किरणांनी सेंद्रिय घाण पूर्ण जळते, गाळ निघत नाही, रसायन लागत नाही आणि निघालेले पाणी थेट संत्र्याच्या झाडांना देता येते, असे त्याचे म्हणणे होते. प्रात्यक्षिकासाठी त्याने काचेच्या बरणीत आमचेच पाणी घेऊन त्यात ‘कॅटॅलिस्ट’चे थोडे थेंब टाकले, आणि थोड्याच वेळात तपकिरी रंग गेला. बरणीच्या तोंडाशी ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. क्लोरीनने रंग उडतो, पण सीओडी त्या प्रमाणात उतरेलच असे नाही, उलट क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार होतात. तरीही संचालकांची बैठक त्या बरणीवरच भाळली. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली अहवाल आल्यावर, असे ठरले.

यंत्र बसले, त्यातून निघालेल्या पाण्याचा अहवाल आला. सीओडी ६२० वरून २१० वर उतरला होता, आणि सगळे खूश होते. माझी नजर खालच्या ओळीवर गेली: क्लोराइड, म्हणजे मिठाचा घटक, १८४० वरून ६४०. ओझोन असो, फेंटनची रासायनिक पद्धत असो वा विजेचे ऑक्सिडेशन, सेंद्रिय पदार्थ मोडता येतात. पण मीठ कोणत्याही ऑक्सिडेशनने जळून नाहीसे होत नाही. दोन्ही आकडे साधारण एकतृतीयांशावर आले, याचा अर्थ एक भाग रिजेक्टमध्ये दोन भाग गोडे पाणी मिसळले गेले होते, एवढाच होतो.

प्लांटवरच्या ऑपरेटरला विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, याच्यात तं बोअरचं पानी येऊन रायलं.” ‘बॅकवॉश’ असे लिहिलेला पाइप यंत्राच्या शेवटच्या टाकीला जोडलेला होता आणि त्याचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. स्टीलचे कपाट उघडले तर आत एक अतिनील नळी आणि माशांच्या काचपेटीला लावतात तसला हवेचा पंप निघाला. ओझोन तयार करणारे काहीच नव्हते. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यात बोअरचे पाणी उपसून घाण पातळ करायची, आणि वरून तेच खारट पाणी क्षार न सोसणाऱ्या संत्र्याला द्यायचे, हा प्रकार मला पैशांच्या नुकसानीपेक्षा जास्त झोंबला.

तंत्र खोटे नाही. फेंटन पद्धतीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचे क्षार वापरून सेंद्रिय पदार्थ मोडतात, पण त्यासाठी सामू ३ च्या आसपास आणावा लागतो आणि लोहाचा गाळ निघतोच. ओझोन चालतो, पण रिजेक्टमधील बायकार्बोनेट आणि क्लोराइड त्याची ताकद खातात, शिवाय पाण्यात ब्रोमाइड असल्यास घातक ब्रोमेट बनते. रंगीत पाण्यातून अतिनील किरण फार आत शिरत नाहीत. म्हणूनच ‘गाळ नाही, रसायन नाही’ हे शब्द ऐकताच पुढची चौकशी तिथेच सुरू व्हायला हवी. घाण किती उतरली हे विक्रेत्याच्या हातातल्या टीडीएसच्या पेनावरून तर कळतच नाही. ते क्षार मोजते, सेंद्रिय घाण त्याला दिसत नाही.

उरलेली रक्कम आम्ही थांबवली आहे आणि वकिलांमार्फत नोटीस पाठवली आहे. यंत्र व्यापारी उपयोगासाठी घेतलेले असल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड आहे, असे वकिलांचे मत पडले. आता नमुना आमचाच माणूस, बोअरची लाइन बंद करून, यंत्राच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एकाच दिवशी घेतो, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून सीओडीसोबत क्लोराइडही मागवतो. हाच विक्रेता शेजारच्या तालुक्यात हेच कपाट दाखवत फिरत असल्याचे कानावर आले आहे. आमच्याकडचे अहवाल कार्यालयात ठेवले असून ते कोणालाही पाहता येतील.