लालबागचं सुट्या फिनेलचं दुकान: कमी पैशांत घर लख्ख

लालबागच्या चिवडा गल्लीपासून चालत पाचेक मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, सुटं फिनेल विकणारं छोटं दुकान आहे. पाटी नाही. बाहेर मांडलेले निळे कॅन आणि वर टांगलेल्या झाडूंवरून ओळखायचं. आमच्या घरातलं साफसफाईचं जवळजवळ सगळं सामान मी आता इथूनच आणते. दर महिन्याला सुपरमार्केटमधल्या रंगीत बाटल्यांवर सहा-सातशे रुपये जात असतील, तर एकदा तरी इथे जाऊन याच.

आधी भाव. पांढरं फिनेल ४० रुपये लिटर, भांड्यांचं लिक्विड ७० रुपये लिटर, धुण्याचा सोडा ६० रुपये किलो, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व ५० रुपये पाव किलो. दोन लिटर फिनेल, लिटरभर लिक्विड, अर्धा किलो सोडा आणि पाव किलो लिंबूसत्त्व घेतलं की बिल २३० रुपये. त्यातलं लिंबूसत्त्व आम्हाला तीन-चार महिने सहज पुरतं.

स्वस्त माल मशीद बंदरलाही मिळतो. हे दुकान मला आवडतं ते काकांच्या एका प्रश्नामुळे. डागासाठी काहीही मागा, ते आधी विचारतात, "ताई, लादी कसली आहे?"

मुंबईत हा प्रश्न विचारायलाच हवा. जुन्या घरांत शहाबादी किंवा कोट्याची लादी आणि ओटा कडप्प्याचा. हे तिन्ही चुनखडीचे दगड. त्यांना आंबट चालत नाही, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की टॉयलेट क्लीनर. मोझॅकमध्येही सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, त्यामुळे तीच गत. माझ्या आईकडे गिरगावात कडप्प्याचा ओटा आहे. तिच्या शेजारणीने हळदीचा डाग घालवायला लिंबाची फोड घासून तशीच ठेवली होती. डाग गेला, पण तिथे फोडीएवढा पांढुरका, खरखरीत गोल उमटला. तो पुसून जात नाही, कारण तो डाग नव्हेच, दगडच तेवढा खाल्ला गेलाय. कडप्प्याला काका भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी एवढंच सांगतात. विकायला याहून महाग वस्तू फळीवर असताना सांगतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आमच्याकडे मात्र लिंबूसत्त्वाने कमाल केली. चाळ जाऊन टॉवर आला, त्यात फ्लशला बोअरचं पाणी. पालिकेचं तलावाचं पाणी सौम्य असतं, पण बोअरचं क्षारयुक्त. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पिवळट पांढरं कडं धरलं होतं, ब्रशने हलत नव्हतं. काकांनी सांगितलं तसं मगाने कमोडमधलं पाणी कमी केलं, लिटरभर कोमट पाण्यात तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवलं, जुन्या फडक्याच्या पट्ट्या त्यात भिजवून कड्यावर चिकटवल्या आणि रात्रभर ठेवल्या. पट्ट्या चिकटवताना कड्यावरून बारीक बुडबुडे येताना दिसतात. सकाळी जुन्या टूथब्रशने घासल्यावर कडं पापुद्र्यासारखं सुटून आलं. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून शॉवरला रबर बँडने बांधायचं. नंतर चांगलं धुऊन टाकायचं.

धुण्याचा सोडा तेलकटासाठी. एक्झॉस्ट फॅनची पाती, गॅसमागच्या टाइल्स, डब्यांची चिकट झाकणं. अर्धी बादली गरम पाणी, दोन मोठे चमचे सोडा, हातात मोजे. ॲल्युमिनियमला मात्र लावायचा नाही, काळं पडतं. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर लिक्विडच बरं.

आणि एक कळकळीने सांगते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. ते दोघं एकमेकांना निकामी करतात. फेस विरला की उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. डाग तेलाचा असेल तर सोडा, क्षाराचा असेल तर आंबट, एका वेळी एकच.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी येते म्हणून लोक इथून पातळ ब्लीच नेतात. ते काका कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देतात, वर चिठ्ठीसुद्धा नाही. घरात लहान मूल असेल तर हे भयंकर आहे. मी तोंडावर बोलले, काका "हो ताई, लावतो" म्हणाले, अजून लावलेली नाही. त्यामुळे मी माझा कॅन नेते आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर चुकूनही एकत्र होऊ देऊ नका. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. आपल्या खिडकी नसलेल्या संडास-बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच जास्त दिवस ठेवूनही उपयोग नाही, जोर जातो. थोडंच घ्या आणि अंधारात ठेवा.

सुटं तेजाब मात्र काका ठेवत नाहीत, आणि मला ते पटतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी कुठे कुठे ते अजून सहज मिळतं.

झाडू इथून घेऊ नका, काड्या फार गळतात. गुलाबाच्या वासाचं फिनेलही नको, वास डोक्यात जातो आणि लादी चिकट राहते. साधं पांढरं घ्या, पाण्यात टाकल्याबरोबर दुधासारखं झालं पाहिजे. काळं फिनेल फक्त मोरीच्या जाळीसाठी आणि गटारासाठी.

दुकान दुपारी दोन ते पाच बंद असतं. सुटे पैसे न्या आणि कॅन घट्ट झाकणाचे न्या, संध्याकाळच्या बसच्या गर्दीत ते आडवे होतातच.