स्फटिकाची माळ : आठ महिन्यांनंतर, विशेषतः भोकाविषयी

गेल्या श्रावणात मागवलेली स्फटिकाची माळ पौषातल्या एका पहाटे जप संपवून डोळ्यांना लावत असताना तुटली. गोमुखीत असती तर मणी निदान तिथेच राहिले असते. पण मी ती नुकतीच बाहेर काढली होती, त्यामुळे मणी मांडीवरून फरशीवर, फरशीवरून देवघराखाली आणि तिथून केरसुणीही जिथे पोहोचत नाही अशा जागी गेले. मेरुमणी मोठा असल्यामुळे लगेच सापडला. बाकीचे मणी ताम्हनात गोळा करून तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा १०७ भरले.

आठ मिलिमीटरचे मणी, रेशमी दोरा आणि लाल गोंडा अशा या माळा सगळीकडे सारख्याच दिसतात, म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. मी दिलेली किंमत १,४५० रुपये. पहिल्या दोन महिन्यांत कोणी विचारले असते तर मी या माळेला पूर्ण गुण दिले असते. मणी हाताला गार लागतात, उन्हाळ्यातसुद्धा पहिली फेरी संपेपर्यंत तो गारवा बोटांना जाणवतो आणि तुळशीच्या माळेपेक्षा वजन जास्त असल्यामुळे माळ ओढताना हात आपोआप संथ चालतो. हे गुण आजही खरे आहेत. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती गोष्ट नेमकी कोणती हे कळायला मला जवळजवळ दीड महिना लागला.

विक्रेत्याला छायाचित्रासह तक्रार पाठवली. उत्तर आले ते असे, की माळ आपोआप तुटणे हे शुभलक्षण असते, मण्यांनी माझ्याभोवतीची नकारात्मक ऊर्जा स्वतःकडे ओढून घेतली आहे, त्यांचे कार्य पूर्ण झाले आहे आणि आता मी नवीन माळ घ्यावी. सोबत दहा टक्के सवलतीचा संकेतांक होता. मी उलट लिहिले, की ऊर्जा ओढून घेणे हेच जर या वस्तूचे काम असेल तर ते काम करताना वस्तूच मोडू नये, एवढी अपेक्षा आपण मिक्सरकडूनही ठेवतो. यावर उत्तर आले नाही. अकरा निरोपांनंतर त्यांनी हरवलेल्या एका मण्याची सोय करण्याचे मान्य केले : मण्याचे साठ रुपये, पाठवणीचे ऐंशी. संपूर्ण माळेच्या किमतीत जो मणी मला साडेतेरा रुपयांना पडला होता, त्याच्यासाठी १४० रुपये देण्याइतकी माझी साधना अजून पुढे गेलेली नाही.

रागाच्या भरात माझी पहिली शंका अशी होती की हा स्फटिक नसून काच आहे. पारदर्शक, गुळगुळीत आणि स्वस्त काचेचे मणी स्फटिक म्हणून सर्रास विकले जातात, आणि नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येत नाहीत. दोन मणी अंधारात एकमेकांवर घासून उजेड पाडून दाखवण्याची दुकानदारी परीक्षा मी केली नाही, कारण लहानपणी गारगोट्या घासून हा खेळ खेळलेल्या कोणालाही माहीत असते की त्यात दोन्ही खड्यांना ओरखडे पडतात. (गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झच, आणि स्फटिक म्हणजे तिचेच निर्मळ रूप. नदीकाठी फुकट मिळणाऱ्या दगडाच्या या उच्चकुलीन भावंडाला आपण १,४५० रुपये देतो, हे एकदा मनाशी कबूल केलेले बरे.)

त्याऐवजी पाण्याची परीक्षा केली. मुलीकडे दागिन्यांचे छोटे डिजिटल वजनयंत्र आहे. १०७ मणी साध्या शिलाईच्या दोऱ्यात ओवले, त्यांचे वजन भरले ७४.३ ग्रॅम. मग यंत्रावर पाण्याने भरलेले भांडे ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मण्यांचा झुबका तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशा बेताने पाण्यात लोंबता धरला. यंत्र जो आकडा दाखवते तो मण्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचा असतो. तो आला २८.५. भागाकार केला तर २.६१. स्फटिकाची घनता २.६५ असते आणि साध्या काचेची सुमारे २.५, म्हणजे मी मधल्या मध्ये लटकले. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, हे लिहायला संकोच वाटतो, पण ते खरे आहे. सकाळी लक्षात आले की प्रत्येक मण्याच्या भोकात हवा अडकलेली असणार. भांड्यात साबणाचा एक थेंब टाकून मणी तासभर भिजू दिले, हलवून हलवून बुडबुडे काढले आणि पुन्हा मोजले : २८.०. भागाकार २.६५.

म्हणजे मणी खरे निघाले, आणि विक्रेत्याला मनातल्या मनात जे बोलले होते त्यातला अर्धा भाग मी मागे घेतला. ‘खरे’ या शब्दाला मात्र मर्यादा आहे. घड्याळांसाठी आणि रेडिओसाठी कारखान्यात वाढवले जाणारे क्वार्ट्‌झ घनतेला अगदी असेच उतरते, त्यामुळे माझा स्फटिक डोंगरातून आला की कारखान्यातून, हे स्वयंपाकघरातल्या भांड्याला सांगता येणार नाही.

मग माळ तुटली का? हे मला कोणत्याही ग्रंथाने किंवा संकेतस्थळाने सांगितले नाही, तर नाशिकच्या सराफ बाजारात मणी-मोती ओवून देणाऱ्या एका वृद्ध पटवेकऱ्यांनी सांगितले. मी त्यांना तुटलेला रेशमी दोरा दाखवून ‘दोरा हलका वापरला आहे ना?’ असे विचारले. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलेही नाही. एक मणी उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “ताई, दोऱ्याला बोल लावू नका. वेज बघा.”

तेव्हापासून मी वेजाशिवाय, म्हणजे मण्याच्या भोकाशिवाय, दुसरे काही पाहिलेले नाही. स्फटिकाचा मणी पारदर्शक असल्यामुळे त्यातले भोक बाहेरून दिसते. ते आतून खरखरीत असल्याने पांढऱ्या रेघेसारखे भासते. छिद्र एकाच बाजूने आरपार पाडले तर दुसऱ्या तोंडाशी टवका उडतो, म्हणून ते दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडतात. दोन्ही अर्धी समोरासमोर नीट भेटली तर रेघ सरळ दिसते. माझ्या माळेतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या मण्यांत ती रेघ मध्येच सरकलेली होती, जणू भिंत बांधताना दोन गवंड्यांनी दोन टोकांकडून सुरुवात केली आणि मध्ये येऊन एकमेकांकडे रागाने पाहिले. त्या सरकलेल्या जागी आत एक पायरी तयार होते, आणि भोकाच्या तोंडाशी शिंपल्यासारखे बारीक टवके उडालेले असतील तर तिथे दुसरी धार तयार होते. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा अंकांत सांगणाऱ्या मोह्‌सच्या मापनक्रमात स्फटिक ७ वर आहे. ओवायची पोलादी सुईसुद्धा या धारेला बोथट करू शकत नाही, मग रेशमाची काय कथा! रोजच्या तीन माळा धरल्या तर पाच महिन्यांत तो दोरा साडेचारशे फेऱ्या त्या धारांवर घासला गेला होता. आईची तुळशीची माळ वीस वर्षे एकाच सुती दोऱ्यावर टिकली, याचे श्रेय मी आजवर दोऱ्याला देत होते. ते लाकडाच्या मऊपणाला द्यायला हवे होते.

म्हणून कोणी माळ घेणार असेल तर माझे सांगणे एवढेच, की ऊर्जा, चक्र, राशी हे सगळे विक्रेत्याला बोलू द्यावे आणि आपण मणी उजेडाकडे धरून रेघ पाहावी. त्यानंतर समईच्या वातीसाठी वळतो तसा कापूस भोकाच्या तोंडावरून फिरवावा. तंतू अडकून राहिले तर दोराही अडकणार आहे. मण्यामण्यात गाठ मारलेली असावी, म्हणजे दोरा तुटला तरी एखादाच मणी निसटतो. माझ्या माळेत एकही गाठ नव्हती, आणि छायाचित्रात ते स्वच्छ दिसत होते.

दुरुस्तीसाठी हिऱ्याच्या भुकटीचा लेप दिलेली सुईसारखी कानस २८० रुपयांना घेतली. १०७ मणी, प्रत्येकाची दोन तोंडे, म्हणजे २१४ कडा; चार दुपारी त्यात गेल्या. हे काम परातीत पाणी भरून पाण्याखालीच करावे, कोरडे मुळीच करू नये. क्वार्ट्‌झची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. गुजरातमधल्या खंभातचा अकिकाच्या (क्वार्ट्‌झच्याच जातीच्या ॲगेट दगडाच्या) मण्यांचा धंदा शतकानुशतकांचा आहे आणि तिथल्या घासणाऱ्या कारागिरांना या रोगाने किती छळले आहे, हे वाचल्यावर पाचशे रुपयांना मिळणाऱ्या गुळगुळीत दगडाकडे मी पूर्वीसारखी प्रसन्नपणे पाहू शकत नाही. ‘शुद्ध’ या शब्दाखाली विकल्या जाणाऱ्या एकाही खड्याबरोबर तो कोणी आणि कशा जागेत घासला, याची चिठ्ठी मला अजून आलेली नाही.

माळेबरोबर त्याच विक्रेत्याकडून आणखी दोन खडे घेतले होते, त्यांच्याविषयी थोडक्यात. सोबतच्या पत्रकात सर्व खड्यांसाठी एकच विधी छापलेला होता : मिठाच्या पाण्याने धुवावे आणि उन्हात ठेवून ‘भारित’ करावे. त्याप्रमाणे जांभळा ॲमेथिस्ट चार महिने खिडकीत राहिला आणि काचेकडची त्याची बाजू फिकट पडली, कारण त्याचा जांभळा रंग दीर्घकाळ उन्हात टिकत नाही. सेलेनाइटची कांडी मिठाच्या पाण्यात बुडवली; सेलेनाइट म्हणजे जिप्सम, नखाने ओरखडा पडेल इतके मऊ आणि पाण्यात थोडे थोडे विरघळणारे. तिची मोत्यासारखी झिलई गेली. धनलाभासाठी त्यांनी पिवळा सिट्रिनही सुचवला होता, परंतु बाजारातला बहुतेक सिट्रिन हा भट्टीत तापवलेला ॲमेथिस्टच असतो हे तोवर कळले होते, म्हणून ते पैसे वाचले. माझ्यापुरता धनलाभ तेवढाच.

समाधान दिले ते फक्त अपोफिलाइट नावाच्या खनिजाने, आणि तो घरचाच, म्हणजे आपल्या दख्खनचा. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे खनिज संग्रहालय आहे; तिथे दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट पाहिल्यावर परदेशी दुकानांतल्या ‘ध्यानाच्या पिरॅमिड’चे मूळ आपल्या खडीच्या खाणीत आहे हे कळते. माझा तुकडा बोटभर आहे. तो मी देवघरात ठेवला आहे, पण समईपासून लांब, कारण त्याच्या रचनेत पाणी असते आणि तापवला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

आता हरवलेल्या मण्याविषयी. १४० रुपये द्यायचे नव्हते, म्हणून पटवेकऱ्यांना मी आईच्या जुन्या हारातला त्याच आकाराचा काचेचा मणी दिला आणि १०८ पूर्ण करून घेतले. मण्यागणिक गाठ मारण्याचे त्यांनी ३५० रुपये घेतले. काचेचा मणी कोणत्या जागी घालू, असे त्यांनी विचारले तेव्हा मी ‘कुठेही घाला’ म्हणाले. त्यांनी कुठे घातला ते मी पाहिले नाही, आणि दिसायला तो इतर मण्यांसारखाच असल्यामुळे नंतर शोधूनही सापडला नाही.

बोटांना मात्र तो पहिल्याच पहाटे सापडला. काच उष्णता हळू वाहून नेते आणि स्फटिक तिच्या कितीतरी पट वेगाने, त्यामुळे गार, गार, गार असे एकामागून एक मणी येत असताना अचानक एक मणी कोमट लागतो. तीन फेऱ्यांत तो तीनदा येतो. तोपर्यंत मन दूधवाल्याच्या हिशेबात किंवा त्या अकरा निरोपांत गुंतलेले असेल, तर तिथे ते थबकते. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला होता : काही जणांच्या हातात खरे स्फटिक दिले, काहींच्या हातात नकली, आणि दोन्ही गटांनी सारख्याच संवेदना सांगितल्या. मी तो प्रयोग वाचला तेव्हा खरे-खोट्याच्या परीक्षेत घालवलेल्या त्या रात्रीची आठवण झाली. फरक एवढाच, की माझ्या हाताला त्या एका मण्याची काच रोज कळते, आणि माझा जप शुद्धीवर येतो तो नेमका तिथे.

गेल्या आठवड्यात गच्चीच्या सरकत्या दाराच्या पन्हळीत धूळ काढताना हरवलेला मणी सापडला. धुऊन उजेडाकडे धरला. त्याच्या भोकाची रेघ अगदी सरळ आहे. माळेतून काचेचा मणी काढून तो घालायचा तर त्या जागचा दोरा कापून पुन्हा ओवावा लागेल. त्याचे पटवेकरी किती घेतात ते अद्याप विचारलेले नाही, आणि विचारायला जाणार आहे असेही वाटत नाही. तूर्त तो कुंकवाच्या करंड्यात पडून आहे.